चाळीस घरांचा गठ्ठा

१

बुधवारी सकाळी साडेदहाला मोठ्या बाईंनी कपाट उघडलं. तिसऱ्या कप्प्यात चाळीस कागदांचा गठ्ठा असायला हवा होता. गठ्ठा नव्हता. त्याची सुतळी तेवढी होती, दोन बोटांवर गुंडाळून आठाच्या आकड्यासारखी केलेली, कप्प्याच्या कोपऱ्यात नीट ठेवलेली.

"कुणी नेला?" बाईंनी विचारलं.

कपाटाची एक किल्ली बाईंच्या पर्समध्ये असे आणि दुसरी चहाच्या टेबलाच्या खणात. खणातली किल्ली सगळ्यांना माहीत होती, येणाऱ्या-जाणाऱ्यालासुद्धा.

औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हे ऑफिस होतं. लोकांना काय वाटतं ते दारोदार जाऊन विचारायचं, एवढंच तिथलं काम. या खेपेला प्रश्न एकच होता. शहराचा कारभार चालवणारे साहेब रोज मोबाईलवर लिहितात, लोकांशी तिथूनच बोलतात, तिथूनच कुणाला शाबासकी देतात आणि कुणाची खरडपट्टी काढतात, हे योग्य की अयोग्य? काम साहेबांच्याच माणसांनी दिलं होतं. बत्तीसशे घरं झाली, आणि उत्तर आलं निम्मं-निम्मं. रविवारी साहेबांनी ते लिहूनही टाकलं : "निम्मं शहर माझ्यासोबत आहे. उरलेलं निम्मं अजून फोन चार्ज करतंय." त्यावर शहर दोन दिवस हसलं.

सोमवारी घोटाळा निघाला. नियम असा होता की कुठल्याही एका गल्लीत दुसरा माणूस पाठवून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. ते काम टपालकाकांकडे होतं. टपालखात्यात चौतीस वर्षं पायपीट करून ते निवृत्त झाले होते आणि आता हीच पायपीट करत होते. चिठ्ठी निघाली ती एका गल्लीची, चाळीस घरांची. काका फिरले आणि उत्तरं लिहून आणली. कॉम्प्युटरमधल्या उत्तरांशी ती ताडून पाहिली, तर वीस जुळली आणि वीस जुळली नाहीत.

त्या गल्लीतले पहिले कागद भरणारी मुलगी पायगाडी. भरभर चालते म्हणून हे नाव तिला पडलं होतं. "वीस घरं फिरली, मग पाय दुखले आणि उरलेले कागद घरी बसून भरले," असं बाई म्हणाल्या. पायगाडी नाही म्हणाली. मूळ कागद बघू म्हणून आज कपाट उघडलं, तर कागदच नाहीत.

अकरा वाजता साहेबांचा लेखनिक आला. साहेबांच्या नावाने रोज लिहिणारा तोच, पण हे मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. तिशीचा, सौम्य बोलणारा तरुण होता.

"बाई, साहेब आज पाच वाजता लिहिणार आहेत," तो म्हणाला. "खोटे कागद भरून लोकांचा आवाज चोरणारी म्हणून. खाली नाव आणि फोटो."

पायगाडी भिंतीला टेकून उभी होती. तिने एवढंच विचारलं, "पत्ता पण?"

"पत्ता लोकच शोधतात," लेखनिक म्हणाला.

२

टपालकाकांना त्या दिवशी कामाला यायचं नव्हतं, तरी ते आले होते. त्यांच्याच यादीवरून हे सगळं सुरू झालं होतं, आणि सोमवारपासून त्यांना जेवणाची चव लागत नव्हती.

"बाई, पाचपर्यंत वेळ आहे," ते म्हणाले. "मला विचारू द्या चौघांना."

"विचारा की. तुम्ही काय पोलीस का?"

"नाही. चुकलेलं टपाल शोधायची सवय आहे."

बाईंनी खांदे उडवले आणि दोन उत्तरं शेजारी-शेजारी छापलेला कागद त्यांना दिला. डावीकडे कॉम्प्युटरचं उत्तर, उजवीकडे काकांचं. घराचा पत्ता कुठेच नव्हता, नुसते कागदांचे नंबर. कुठला नंबर कुठल्या घराचा हे मूळ कागदावर असे किंवा पुन्हा विचारायला जाताना मिळालेल्या, काकांच्या खिशातल्या चिठ्ठीवर. काम संपलं की ती चिठ्ठी फाडायची असते. काकांनी ती अजून फाडली नव्हती.

"बाई, तो गठ्ठा शेवटचा कधी पाहिलात?"

"काल संध्याकाळी सहाला. याचा फोन आला होता," त्यांनी लेखनिकाकडे बोट केलं. "म्हणाला, मूळ कागद आमच्याकडे पाठवा, त्या चाळीस घरांशी आम्ही स्वतः बोलू. मी म्हटलं, सकाळी देते."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"सगळेच. नवा आकडेवाला होता, ही होती. मी काही कुजबुजत नाही फोनवर."

नवा आकडेवाला आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर होता. आधीची मुलगी पहिल्या बाळंतपणाला गेली म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्याला घेतलं होतं. त्याच्या एका बाजूला पांढऱ्या कागदांची चवड होती, दुसऱ्या बाजूला पिवळ्या.

"हे दोन रंग कशाला रे?" काकांनी सहज विचारलं.

"छापणाऱ्याकडचा पांढरा संपला असेल. मला काय करायचंय काका, रंगाशी? वरच्या चौकटीत टिक असली की एक, खालच्या चौकटीत असली की दोन. दिवसाला चारशे कागद. वाचत बसलो तर मिशा पांढऱ्या होतील."

"गठ्ठा तू नेलास?"

"नेऊन काय करू? पोळी गुंडाळू?" तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "काका, तिचं नाव आलं तर पुढच्या वेळी माझंही येईल ना? मीच भरलंय ना सगळं कॉम्प्युटरमध्ये."

लेखनिक बाहेर खुर्चीत बसून फोनवर बोट फिरवत होता. काका त्याच्यासमोर बसले.

"गठ्ठा तुम्हाला हवा होता."

"हवा होता म्हणजे आज मिळणारच होता. मिळणारी वस्तू मी कशाला चोरू?"

"चाळीस घरांशी काय बोलणार होतात?"

त्याने फोन उलटा ठेवला. "काका, अयोग्य म्हणणारे कोण हे साहेबांना कळायला नको का? गैरसमज असतो लोकांचा. समजूत काढायची."

शेवटी पायगाडी. ती जिन्यात बसली होती, कागद अडकवायची फळी मांडीवर घेऊन. फळीला पेन बांधलेलं होतं. त्याचा दोरा ती दोन बोटांवर गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"घरी कोण आहे, पोरी?"

"आई. तिला ऐकू येत नाही. दार हललं की उघडते, कोण आहे ते बघत नाही."

"खरं सांग, गेली होतीस सगळ्या घरांत?"

"गेले होते. दुसऱ्यांदा तुम्ही गेल्यावर लोकांनी उत्तरं फिरवली असतील. घाबरतात हो काका. त्या गल्लीत चौदा नंबरचं घर आहे ना."

"गठ्ठा सापडला तर तू सुटशील."

तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही हललं नाही, आणि काका उठता उठता थांबले.

३

बारा वाजता काका गल्लीत पोचले. सरळ गल्ली, एका हाताला विषम नंबरची घरं, दुसऱ्या हाताला सम. पोस्टमनला नंबर वाचावे लागत नाहीत, पायांना ठाऊक असतात.

चौदा नंबरला कुलूप होतं. तिथे पाणीखात्याचा मीटर वाचणारा राहायचा. गेल्या वर्षी साहेबांनी त्याचं नाव लिहिलं होतं, फोटोसकट : "हा माणूस तुमचं पाणी पितो." सहा दिवस दारासमोर गर्दी होती. सातव्या दिवशी तो बायकोला घेऊन गेला, कुठे ते कुणाला माहीत नाही. मीटर बिघडलेला होता हे नंतर कळलं, पण ते कुणी लिहिलं नाही. दाराशेजारची टपालपेटी तेवढी राहिली होती. मागच्या आठवड्यात काका इथून गेले तेव्हा तिचं झाकण बंद होतं. आज ते दोन बोटं उघडं होतं.

काकांनी ते पाहिलं आणि ते पुढे गेले.

नऊ नंबरला शिवणकाम करणारी बाई राहायची. तिने मशीन थांबवलं नाही.

"पुन्हा विचारायला आलात? अयोग्यच म्हटलं होतं, अयोग्यच म्हणते. लिहू दे की त्यांना, पण माणसांची नावं कशाला? त्यांचं लिहिणं दोन मिनिटांचं असतं. त्या मीटरवाल्याच्या बायकोचं ब्लाऊज माझ्याकडे शिवून पडलंय वर्षभर."

"तेव्हा ती मुलगी स्वतः आली होती?"

"आली होती तर. पांढऱ्या कागदावर मीच खूण केली. बटणही लावून घेतलं तिने बाहीचं, फुकटात."

समोर आठ नंबरला निवृत्त वायरमन राहायचा. तो दारातच पेपर वाचत बसला होता.

"आली होती ना. चष्मा सापडेना माझा, तिने वाचून दाखवलं. पिवळा कागद होता, डोळ्याला बरा. मी म्हटलं, अयोग्य." मग आवाज खाली घेऊन तो म्हणाला, "पण खरं सांगू का टपालवाले? आमच्या कोपऱ्यावरचा दिवा तीन वर्षं बंद होता. साहेबांनी एक ओळ लिहिली आणि दुसऱ्या दिवशी लागला. चांगलं म्हणावं की वाईट, समजत नाही."

"मग अयोग्य का म्हणालात?"

तो समोर नाही, बाजूला पाहत होता, चौदा नंबरच्या दाराकडे. "त्याचं नाव आलं ना, तेव्हा मी पण खाली हसरा चेहरा टाकला होता. रोज चहा प्यायचो आम्ही दोघं. का टाकला, अजून कळलं नाही. सगळे टाकत होते."

काकांनी खिशातली चिठ्ठी काढली. वायरमनचा कागद सदतिसावा. म्हणजे न जुळलेल्या वीसपैकी एक. त्यांनी बाईंनी दिलेला कागद शेजारी धरला. सदतिसाव्या ओळीत कॉम्प्युटर म्हणत होता, योग्य.

ते गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि चिठ्ठीवर एकेक नंबर लावत गेले. एकवीस, बावीस, तेवीस, थेट चाळीसपर्यंत. न जुळलेली वीसच्या वीस घरं गल्लीच्या एकाच हाताला होती. समोरच्या हाताचं एकही नव्हतं.

गल्लीच्या एका बाजूचेच लोक खोटं बोलतात, असं चौतीस वर्षांत त्यांनी पाहिलं नव्हतं.

४

तीन वाजता ते ऑफिसात परतले. लेखनिक अजून खुर्चीतच होता. फोनवर पायगाडीचा फोटो उघडून तो चेहऱ्याभोवती लाल गोल काढत होता. बाईंनी सगळी कपाटं, खण, कचऱ्याची टोपली उपसली होती. आकडेवाला टेबलाखाली वाकून शोधत होता. पायगाडी खिडकीपाशी उभी होती.

"बाई, गठ्ठा राहू द्या," काका म्हणाले. "एक पांढरा आणि एक पिवळा कोरा कागद द्या मला."

कागद हातात येईपर्यंत ते पाणी प्यायले, आणि मग बसून बोलायला लागले, पत्ता समजावून सांगावा तसे.

"ही मुलगी घरी बसून भरत होती असं धरू. मग तिला लोकांची उत्तरं माहीत नाहीत, ती अंदाजाने टिक करणार. वीसपैकी आठ-दहा तरी चुकून बरोबर यायला हवीत की नाही? इथे एकही बरोबर नाही. वीसच्या वीस उलटी. मी योग्य लिहिलं तिथे अयोग्य, अयोग्य लिहिलं तिथे योग्य. वीस वेळा न चुकता उलटं लिहायला आधी खरं काय ते माहीत असावं लागतं. आणि खरं माहीत असायचं तर घरोघर जावं लागतं."

"मग मुद्दाम उलटं लिहिलं तिने," लेखनिक म्हणाला.

"किंवा लोकांनी भीतीने फिरवलं, असं तिला वाटत होतं. पण भीती काय रस्ता ओलांडत नाही? ही सगळी घरं एकाच हाताची आहेत. पोरी, तू गल्ली कशी करतेस?"

"एका बाजूने पांढरी चवड घेऊन वर जायचं," पायगाडी म्हणाली, "आणि दुसऱ्या बाजूने पिवळी घेऊन खाली यायचं. तसंच शिकवलंय सगळ्यांना."

"दोन रंग का, बाई?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि तोंड उघडं राहिलं. त्या हळूच खुर्चीत बसल्या.

काकांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. पांढऱ्यावर वरच्या चौकटीत योग्य होतं, खालच्या चौकटीत अयोग्य. पिवळ्यावर वर अयोग्य, खाली योग्य.

"लोक कंटाळ्याने वरच्याच चौकटीत टिक करतात," बाई पुटपुटल्या. "म्हणून निम्मे कागद उलटे छापायचे. आधीची मुलगी पिवळे वेगळे भरायची. तिला ठाऊक होतं. नव्याला... मी नव्याला सांगितलंच नाही."

आकडेवाला टेबलाखालून बाहेर आला होता. "वर एक, खाली दोन," तो म्हणाला. "पिवळ्यालाही मी तेच केलं. सगळ्या पिवळ्यांना." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सगळ्या म्हणजे... बत्तीसशेतल्या?"

"सोळाशे," बाई म्हणाल्या.

लेखनिकाने हळू आवाजात विचारलं, "खरा आकडा काय आहे?"

"या गल्लीत चाळीसपैकी बत्तीस अयोग्य म्हणाले," काका म्हणाले. "निम्मे कागद उलटले की काहीही निम्मं-निम्मंच होतं. बाकीच्या शहराचं तुमचं तुम्ही पाहा."

लेखनिकाने फोनवरचा लाल गोल पुसला नाही. तो म्हणाला, "ठीक आहे, ही नाही. पण पाच वाजता साहेब लिहिणार आहेत. कुणाचं तरी नाव लागेल."

त्याची नजर आकडेवाल्यावर जाऊन थांबली.

५

आकडेवाल्याने कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची टेबलाला सरकवून लावली आणि हात पुढे बांधून उभा राहिला, जणू नाव पुकारलं जायची वाट पाहत होता.

"कुणाचंही लिहा," काका म्हणाले. "याचं लिहा, हिचं लिहा, बाईंचं लिहा. नाव आलं की लोक विचारणार, काय केलं? मग ज्याचं नाव, तो सांगणार काय केलं. हे दोन कोरे कागद दाखवायचे, लहान पोरालाही कळेल. दुसऱ्या दिवशी निम्मं-निम्मं राहणार नाही."

"आणि नाव नाही आलं तर?"

"तर कोण विचारतंय?"

लेखनिक बराच वेळ त्या दोन कागदांकडे पाहत राहिला. मग त्याने बाईंना विचारलं, "हे किती जणांना माहीत आहे?"

"आपण पाच."

"रविवारचा आकडा तसाच राहील?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. बाई म्हणाल्या, "राहील."

"आणि तो गठ्ठा? चाळीस घरांचा? आणि तुमची चिठ्ठी?"

काकांनी खिशात हात घातला. चिठ्ठीचे तुकडे टेबलावर पडले. "काम संपलं की फाडायची असते. गठ्ठ्याचं म्हणाल तर तो हरवला."

चौतीस वर्षांत त्यांनी एकाही टपालाबद्दल हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

लेखनिक फोन घेऊन जिन्यात गेला. काका खिडकीपाशी पायगाडीजवळ जाऊन उभे राहिले.

"चौदा नंबरच्या पेटीचं झाकण लागत नाहीये," ते हळू बोलले. "पत्र बारीक असतं, गठ्ठा जाड. आणि सुतळी अशी आठासारखी गुंडाळणारी इथे एकटी तू. सकाळपासून सगळे शोधतायत. तुझा जीव त्यात अडकलेला, आणि एकटी तूच तेवढी शोधत नव्हतीस."

तिने दोऱ्यावरची बोटं थांबवली.

"फोन ऐकला मी काल," ती म्हणाली. "कागदावर घर नंबर आहे, फोन नंबर आहे. नऊ नंबरवालीने बटण लावून दिलं हो मला. तिची समजूत काढायला कोण गेलं असतं ते मला माहीत आहे."

"आणि तू?"

"माझं एक घर जाणार होतं, काका. तिथे चाळीस होती."

"त्याच पेटीत का टाकलास?"

"तिथे आता कुणी जात नाही."

काकांनी मान हलवली. खरं होतं ते.

"गठ्ठा काढून जाळू का?" तिने विचारलं.

"मी पोस्टमन. पेटीत पडलेलं मी काढत नाही. झाकण तेवढं लावून येईन."

६

पाच वाजायला दोन मिनिटं असताना सगळे बाहेरच्या खोलीत आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. लेखनिक परत आला नव्हता. बाईंनी फोन टेबलावर उताणा ठेवला आणि आकडेवाल्याने त्याच्याशेजारी आपला ठेवला. काकांकडे साधा फोन होता, त्यांना यातलं काही दिसायचं नाही.

"साहेबांना पटलं नसलं तर?" आकडेवाल्याने विचारलं.

पायगाडीने आईला शेजारणीकडे बसवून ठेवलं होतं. शेजारीण फोनवर म्हणाली होती, पण ती उठून उठून आपल्या दाराकडे जातेय गं.

पाच वाजता तिन्ही फोन एकदमच थरथरले. औषधाच्या दुकानातला थरथरला. रस्त्यावरच्या बाकावर बसलेल्या माणसाचाही थरथरला असावा, कारण त्याने खिशात हात घातला.

बाईंनी आधी पाहिलं. मग आकडेवाल्याने. त्याने तोंडावर हात दाबला आणि खाली बसला.

"काय आहे?" काकांनी विचारलं.

"कुत्रा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी आपल्या कुत्र्याचा फोटो टाकला होता. कुत्रा गादीवर झोपलेला, एक कान दुमडलेला. खाली लिहिलं होतं, "आज याला काही बोलायचं नाही." मिनिटाभरात नऊ हजार लोकांना तो आवडला. आणखी मिनिटाने किती, ते बाईंनी पाहिलं नाही.

"म्हणजे झालं ना?" आकडेवाला विचारत होता. "झालं ना, बाई? घरी जाऊ?"

"जा," बाई म्हणाल्या. "उद्या लवकर ये. पिवळे सगळे पुन्हा भरायचे." मग त्यांना आठवलं. "नको. राहू दे. तसंच राहू दे."

पायगाडीने आपला फोन दोन्ही हातांत धरला होता. काकांना वाटलं ती आता रडेल, निदान श्वास तरी सोडेल. ती फोटोकडे पाहत होती. तिचा अंगठा हलला, फोटोखाली टेकला आणि उचलला. लाल बदाम उमटला.

तिने अंगठ्याकडे पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "हे मी का केलं?"

काकांना आठ नंबरचा वायरमन आठवला. त्यांनी फळी उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "चल, आई दाराशी उभी असेल."

ती भरभर जिना उतरली. काका मागून सावकाश उतरले आणि उलट्या दिशेने, गल्लीकडे वळले. चौदा नंबरपाशी ते थांबले. पेटीचं झाकण तळहाताने दाबलं. पहिल्यांदा ते लागलं नाही. दुसऱ्यांदा जोर लावला, तेव्हा बंद झालं.